पान्हा चोरला म्हणजे दूध आटले नव्हे

२०१९ सालच्या ऑगस्ट महिन्यात कृष्णा, वारणा आणि पंचगंगा या नद्यांनी सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांत जो हाहाकार मांडला, त्याच्या वार्ता येऊ लागल्या तेव्हा इतर शेकडो ठिकाणी जमली तशीच पुण्यातील आमच्या वसाहतीतही मदतीची रास जमू लागली. आणि अक्षर बरे म्हणून आलेल्या जिनसांची यादी करण्याचे काम माझ्याकडे आले. चादरी, सतरंज्या, मेणबत्त्या, बिस्किटांचे पुडे, पाण्याच्या बाटल्या अशी कलमे मी लिहीत असता एका सज्जन गृहस्थांनी तान्ह्या मुलांसाठीच्या दूधभुकटीचे चोवीस डबे आणि तितक्याच दूध पाजण्याच्या बाटल्या आणून माझ्यासमोर ठेवल्या, तेव्हा तिथे उभ्या असलेल्या सर्वांचेच मन भरून आले. मोठी माणसे दोन दिवस उपाशी राहू शकतील, पण तान्ह्या जिवांचे काय, हा प्रश्न आमच्यापैकी कोणालाच सुचला नव्हता आणि त्यांना सुचला होता. त्या सायंकाळी मीही दुकानातून दोन डबे आणून त्या राशीत भर घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या इमारतीतील एक निवृत्त परिचारिका आल्या, त्यांनी यादीवरून नजर फिरवली आणि त्या कलमावर बोट ठेवून म्हणाल्या, “भाऊ, एवढे डबे पाठवू नका. त्याऐवजी बाळंतिणींना पोटभर होईल असा शिधा पाठवा, बसायला आडोसा होईल असं कापड पाठवा. बाळाचं ती बघेल.” खरे सांगायचे तर मला त्यांचा राग आला. दुपारी ट्रक निघाला तेव्हा डबे त्यातच होते. पुढे या विषयावर जसजसे वाचत गेलो, डॉक्टरांना आणि आरोग्यसेविकांना विचारत गेलो, तसतसे माझ्या ध्यानात येत गेले की त्या बाईंचे तीन वाक्यांतले सांगणे हेच या शास्त्राचे सार होते आणि आमची दया ही अज्ञानातून निघालेली असल्यामुळे अपायकारक होती. योगायोग असा की ऑगस्टचा पहिला आठवडा जगभर स्तनपान सप्ताह म्हणून पाळला जातो, आणि त्याच सुमारास आपल्या नद्या पात्र सोडतात.

मराठी भाषेने या विषयातील एक सूक्ष्म भेद फार पूर्वीच ओळखून ठेवला आहे. दूध येते आणि दूध आटते. पान्हा मात्र फुटतो, आणि प्रसंगी चोरला जातो. गोठ्यात अनोळखी माणूस शिरला, कुत्रे अंगावर आले, धार काढणारा हात बदलला, की गाय पान्हा चोरते हे खेड्यातले पोरही जाणते; आणि शहाणा गवळी अशा वेळी गाय भाकड झाली असे जाहीर करीत नाही, तर वासरू सोडतो, तिच्या पाठीवरून हात फिरवतो आणि थोडा वेळ थांबतो. शरीरशास्त्राने हाच भेद दोन संप्रेरकांच्या नावांनी सांगितला आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून प्रोलॅक्टिन स्रवते, त्याने दूध तयार होते. आणि त्याच ग्रंथीतून ऑक्सिटोसिन सुटते, त्याने तयार झालेले दूध स्तनाग्राकडे ढकलले जाते, म्हणजे पान्हा फुटतो. बाळ जितके ओढील तितके पहिले संप्रेरक वाढते आणि जितके कमी ओढील तितके ते घटते. दुसरे मात्र मनाच्या अवस्थेशी बांधलेले आहे, भीती, वेदना आणि संकोच यांनी ते काही काळ अडखळते, आणि धीर मिळाला की पुन्हा वाहू लागते.

आता पुराच्या पाण्यातून होडीने बाहेर काढलेली, घर आणि दावणीची जनावरे डोळ्यांदेखत गेलेली, शाळेच्या एका वर्गात चाळीस अनोळखी माणसांच्या गर्दीत भिंतीला टेकून बसलेली बाळंतीण डोळ्यांपुढे आणावी. पदर घेऊन पाजण्याइतकाही आडोसा नाही, सकाळपासून पोटात अन्न नाही, आणि मूल अंगाला लावले तर पान्हा येत नाही म्हणून ते टाहो फोडते आहे. शेजारच्या चारचौघी निदान करून मोकळ्या होतात की धसक्याने हिचे दूध आटले, कोणीतरी धावत जाऊन डबा आणतो, बाटली भरली जाते, मूल शांत होते, आणि सगळ्यांना वाटते की एक जीव वाचला. वस्तुतः त्या क्षणी त्या मुलाचा अक्षय अन्नसाठा बंद होण्यास प्रारंभ झालेला असतो. कारण बाटलीने पोट भरलेले मूल आईला ओढत नाही, न ओढल्यामुळे प्रोलॅक्टिन घटते, आणि जे दूध काल आटलेले नव्हते ते चार-आठ दिवसांत खरोखरच आटते. छावणी उठते, दान संपते, आई रिकाम्या घरी परतते, तेव्हा तिच्याजवळ दूधही नसते आणि डबा विकत घेण्याची ऐपतही नसते. मग एका चमच्याच्या जागी अर्धा चमचा भुकटी पडू लागते.

या ठिकाणी थोडा हिशेब सांगणे जरूर आहे. केवळ भुकटीवर वाढणाऱ्या मुलास पहिल्या सहा महिन्यांत सुमारे २० किलो भुकटी लागते, म्हणजे ४०० ग्रॅमचा एक डबा चार दिवसही पुरत नाही. भुकटी निर्जंतुक नसते, म्हणून ती निदान ७० अंश उष्णतेच्या पाण्यात कालवावी लागते. बाटली प्रत्येक वेळी उकळावी लागते, त्यासाठी सरपण लागते, भांडे लागते, आणि सर्वांआधी स्वच्छ पाणी लागते. पुरात ज्या वस्तूचा सर्वांत मोठा दुष्काळ असतो ती वस्तू म्हणजे हेच स्वच्छ पाणी. याच्या उलट आईच्या दुधात १०० भागांत सुमारे ८७ भाग पाणीच असते, ते गाळलेले असते, शरीराच्या उष्णतेचे असते आणि त्यात आईच्या देहाने त्याच परिसरातील रोगजंतूंविरुद्ध घडवलेली प्रतिपिंडे असतात. म्हणून पहिल्या सहा महिन्यांत मुलाला वरचे पाणी, वैशाखातल्या उन्हातसुद्धा, लागत नाही. आई स्वतः अशक्त असेल तर तिचे दूध निःसत्त्व होते ही समजूतही बरीचशी निराधार आहे. अगदी टोकाची उपासमार वगळली तर अर्धपोटी बाईसुद्धा मुलास पुरेसे दूध देते. फक्त ते ती आपल्या अंगचे मांस झिजवून देते. तिला रोज पाचशे-सहाशे उष्मांक अधिक मिळाले, म्हणजे दोन-तीन भाकरी आणि वाटीभर डाळ जास्त मिळाली, की तिची झीज थांबते. मुलाला खाऊ घालण्याचा स्वस्त आणि निर्धोक मार्ग म्हणजे आईला खाऊ घालणे, असे त्या परिचारिकाबाई सांगत होत्या ते याच हिशेबाने.

या विचाराची प्रचीती ज्या एका व्यक्तीच्या आयुष्यात मला सर्वांत ठळक दिसली तिची हकीकत थोडी विस्ताराने सांगण्याचा मोह होतो. सिसिली विल्यम्स या जमेकात जन्मलेल्या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ. आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट वसाहतीत काम करताना त्यांनी १९३३ साली क्वाशिओरकोर या कुपोषणजन्य विकाराचे वर्णन वैद्यकजगतापुढे मांडले, आणि तो शब्द त्यांनी तिथल्या आयांच्याच तोंडून घेतला. धाकटे भावंड आल्यामुळे अंगावरून तुटलेल्या मुलाला होणारा आजार, असा त्याचा अर्थ. पुढे त्यांची बदली मलायात झाली. तिथे पांढऱ्या स्वच्छ पोशाखातल्या विक्रेत्या स्त्रिया गरीब आयांना डब्याच्या गोड दुधाचे गुण पटवून देत आणि मुले हातपाय गाळून मरत, हे त्यांनी पाहिले. आणि १९३९ साली सिंगापूरच्या रोटरी क्लबात, जिथे दूध विकणाऱ्या व्यापारी वर्गाचीच ऊठबस असे, त्यांनी ‘दूध आणि खून’ या अर्थाच्या मथळ्याचे भाषण करून, अशा अपप्रचाराने होणारे बालमृत्यू हे हत्याच समजले पाहिजेत, असे सांगितले. तीन वर्षांनी सिंगापूर जपानच्या हाती पडले आणि विल्यम्सबाई चांगीच्या बंदिवासात गेल्या. तिथे अन्न अपुरे, स्वतः त्या बेरीबेरीने जर्जर, डबा किंवा बाटली यांचे नाव नाही. त्या कारावासात २० मुले जन्मली, वीसच्या वीस आईच्या अंगावर प्यायली आणि वीसच्या वीस जगली, असे त्या पुढे सांगत. अर्धपोटी, भयग्रस्त, कैदेतल्या आयांनी हे केले. त्यांना एवढेच मिळाले होते की त्यांच्या दुधावर विश्वास असलेली एक डॉक्टर त्यांच्याजवळ होती आणि त्या विश्वासाला खोटे पाडणारा डबा जवळपास नव्हता.

याच्या विपरीत उदाहरणे अलीकडच्या काळातली आहेत आणि ती वाचवत नाहीत. २७ मे २००६ रोजी इंडोनेशियातील योग्यकर्ता परिसरात भूकंप झाला, तेव्हा भुकटीचा असा पूर आला की तान्ही मुले असलेल्या बहुतेक घरांत दानाचे डबे पोचले; नंतरच्या पाहणीत आढळले की ज्या मुलांना असे डबे मिळाले त्यांच्यात अतिसाराचे प्रमाण सुमारे चौथा हिस्सा होते आणि ज्यांना मिळाले नाहीत त्यांच्यात त्याच्या निम्म्याहूनही कमी. त्याच वर्षाच्या आरंभी बोट्सवानात अतिवृष्टीनंतर अतिसाराची साथ पसरली आणि तीन महिन्यांत पाचशेहून अधिक बालके दगावली. तिथे एड्सचा संसर्ग आईकडून मुलास होऊ नये या सद्हेतूने सरकारने भुकटी मोफत पुरवली होती, आणि अतिवृष्टीने पाणी दूषित होताच, अंगावर न पिणारी मुले या साथीला सर्वाधिक बळी पडली. १९९८ साली गिनी-बिसाऊमध्ये युद्ध पेटले, तेव्हा अंगावरून तोडलेल्या मुलांचा मृत्युदर अंगावर पिणाऱ्या मुलांच्या सहापट झाला. शांततेच्या काळात जो फरक सर्दीपडशापुरता वाटतो, तो आपत्तीत जीवनमरणाचा होतो.

हे सारे कायद्याला ठाऊक नाही असे मात्र नाही, आणि ही गोष्ट कळली तेव्हा यादी लिहिणारा माझा हात मला आठवला. जागतिक आरोग्य परिषदेने १९८१ साली दुधाच्या डब्यांच्या विक्रीबाबत आंतरराष्ट्रीय संहिता संमत केली, ती ११८ मतांनी, आणि विरोधी मत फक्त एक, अमेरिकेचे. तिला अनुसरून भारताने १९९२ साली जो कायदा केला आणि २००३ साली अधिक कडक केला, त्याने दोन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या अशा अन्नाची जाहिरात निषिद्ध केली. आणि त्याच्या पाचव्या कलमात स्पष्ट लिहिले आहे की अनाथालय वगळता कोणीही कोणासही दूधभुकटी किंवा दूध पाजण्याची बाटली दान करू नये अथवा वाटू नये. उल्लंघनास तीन वर्षांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. या चळवळीचा आपल्या भूमीशी संबंध आहे. ‘बीपीएनआय’ ही स्तनपानाच्या पुरस्कारासाठी झटणारी अखिल भारतीय संस्था ३ डिसेंबर १९९१ रोजी वर्ध्यात स्थापन झाली. तरीही दर पावसाळ्यात डब्यांच्या राशी जमतात, त्यांची छायाचित्रे प्रसिद्ध होतात, आणि मदतकार्याचा बंदोबस्त पाहणाऱ्या अधिकाऱ्यांपासून तलाठ्यापर्यंत फारच थोड्यांना या कलमाची खबर असते. माझे स्पष्ट मत आहे की आपत्तीच्या वेळी जिल्हाधिकाऱ्यांच्या दप्तरातून जे पहिले जाहीर आवाहन निघते, त्यात भुकटी व बाटल्या पाठवू नयेत हे एक वाक्य असलेच पाहिजे.

आता न्यायाची दुसरी बाजू. काही मुलांना आईचे दूध खरोखरच मिळू शकत नाही. आई पुरात गेली, ढिगाऱ्याखाली गेली, गंभीर आजारी पडली किंवा मुलापासून तुटली, तर त्या मुलास भुकटी द्यावी लागेल. पण ती एखाद्या औषधाप्रमाणे, जाणत्या माणसाने तपासून, त्या विशिष्ट मुलासाठी, गरज आहे तोवर अखंड, आणि बाटलीऐवजी वाटीने. आपल्या जुन्या घरांतून चांदीचे किंवा पितळेचे चोचीचे बोंडले असे. माझ्या आजीच्या पेटीतले अजून आमच्याकडे आहे. उघड्या तोंडाचे हे भांडे क्षणात घासून, उकळून स्वच्छ होते. बाटलीच्या रबरी निपलच्या कोपऱ्यांत जो मळ दडतो तो इथे दडायला जागा नाही. आजचे डॉक्टर अशक्त मुलांसाठी वाटी, चमचा किंवा याच घडणीच्या भांड्याची शिफारस करतात. दुसरी आई पाजू शकते, मग ती मावशी असो की शेजारीण. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी उभारली, ती आशियातील पहिली. तिथे आयांनी दिलेले दूध साडेबासष्ट अंशांवर अर्धा तास तापवून अपुऱ्या दिवसांच्या मुलांसाठी ठेवले जाते. आणि ज्या आईचे दूध मध्यंतरी खरोखर आटले, तिलाही ते परत आणता येते ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. एक बारीक नळी स्तनाग्राशी चिकटवून तिचे दुसरे टोक दुधाच्या वाटीत सोडले की मूल ओढत राहते, त्याचे पोट भरते, आणि त्याच्या ओढण्याने काही दिवसांत, क्वचित दोन-तीन आठवड्यांत, आईला पुन्हा दूध येऊ लागते. यासाठी चिकाटीची एक आरोग्यसेविका शेजारी बसावी लागते, एवढाच खर्च. एड्सबाधित आईसंबंधी म्हणावयाचे तर, औषधे नियमित चालू असतील तर तिनेही पाजावे असाच जागतिक आरोग्य संघटनेचा २०१० नंतरचा सल्ला आहे.

परंतु सर्व आपत्ती पुरासारख्या गर्जना करीत येत नाहीत. बीड, जालना आणि अहिल्यानगरकडून दर वर्षी दिवाळीच्या सुमारास जी कुटुंबे ऊसतोडीला निघतात त्यांतील ओल्या बाळंतिणीची अवस्था छावणीतल्या बाईपेक्षा फार निराळी नसते. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते, आणि खाडा पडला की पैसे कापले जातात. त्यामुळे बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत ती पहाटेच्या अंधारात फडावर उभी असते, आणि तान्हे मूल कोपीत मोठ्या बहिणीच्या, म्हणजे सहा-सात वर्षांच्या पोरीच्या, स्वाधीन असते किंवा बैलगाडीच्या सावलीतल्या झोळीत. या बाईला ‘सहा महिने केवळ अंगावर पाजा’ हे भित्तिपत्रक वाचून दाखवणे निष्ठुरपणाचे आहे. पाजण्याची इच्छा तिला शिकवावी लागत नाही. पाजण्याची सवड कोणी देत नाही. मुंबईच्या गिरणीकामगार स्त्रियांची एके काळी हीच दशा होती, आणि पाळीवर जाताना मूल निजून राहावे म्हणून त्याला अफूची बाळागोळी देण्याची दुष्ट प्रथा त्यांच्यावर त्या परिस्थितीनेच लादली होती. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूतिरजेच्या विधेयकाचा पुरस्कार करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, बाळंतपणाच्या काळात स्त्रीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे असून तिचा भार मालकाने व सरकारने उचलला पाहिजे, अशी बाजू मांडली; १९२९ साली तो कायदा झाला. आज पगारपत्रकावर नाव असलेल्या स्त्रीला २६ आठवड्यांची रजा आहे, पन्नास किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सक्ती आहे, आणि एस. टी. च्या स्थानकांवर हिरकणी कक्ष आहेत. फडावर यातले काही नाही. कारखान्याच्या काट्यावर उसाच्या प्रत्येक गाडीचे वजन होते. मग फडाजवळ सावलीची एक झोपडी, एक पाळणा सांभाळणारी बाई आणि आईला दिवसातून तीन-चार वेळा अर्ध्या तासाची बिनखाड्याची सुटी, एवढी तजवीज करणे साखर कारखान्यांना अशक्य आहे असे कोणी म्हणेल तर ते मला मान्य नाही.

भारतात सहा महिन्यांखालील मुलांपैकी केवळ अंगावर पिणाऱ्यांचे प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत ५४.९ टक्के होते, पाचव्या फेरीत ते ६३.७ टक्के झाले. जन्मल्यापासून तासाभरात आईजवळ घेतल्या जाणाऱ्या मुलांचे प्रमाण मात्र ४२ टक्क्यांच्या आसपासच रेंगाळले आहे. बाळंतपण दवाखान्यात होते, पण पहिला चीक, ज्याला आपल्या आज्यांपैकी काही घाण समजून टाकून देत आणि काही अमृत मानत, तो निम्म्याहून अधिक मुलांना वेळेवर मिळत नाही. परिचारिका कमी, खाटा अपुऱ्या, आणि गुटी-मधाचे बोट चाटवण्याची घाई करणारी माणसे मात्र भरपूर, ही त्याची साधी कारणे आहेत.

पाऊस पुन्हा येणार आहे आणि आपल्यापैकी कोणाच्या तरी वसाहतीत पुन्हा रास जमणार आहे. वाचकांपैकी ज्यांच्याकडे यादी लिहिण्याचे काम येईल त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. पहिल्या ओळीत बाळंतिणींसाठी वेगळा शिधा लिहावा: डाळ, गूळ, शेंगदाणे, तेल, अळीव, खारीक. त्याखाली आडोशाला बांधता येतील अशी जाड कापडे व दोर, मऊ जुनी लुगडी, पाणी प्यायचे तांबे, आणि झाकणाच्या स्टीलच्या वाट्या लिहाव्यात. ट्रकाबरोबर एखादी अनुभवी परिचारिका किंवा चार मुले वाढवलेली धीराची बाई जात असेल तर तिचे नाव सर्वांत वर लिहावे. भुकटीचे डबे घेऊन कोणी सज्जन आलेच, तर त्यांना दोन घटका बसवून घेऊन हे सारे समजावून सांगावे आणि डबे दुकानात परत करायला लावावेत.